पलंग कुणाकडे आहे?

(2024 सालच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेलं भाषण)



प्रसाद आधी की भाषण आधी, यावर मघाशी मागे थोडी चर्चा झाली. भाषण आधी असं ठरलं. कार्यकारिणीला श्रोत्यांचा स्वभाव चांगला ठाऊक आहे.

आम्हाला विषय दिलाय 'सेवाकार्य आणि संसार'. पत्रिकेत तो वाचून आमची ही म्हणाली, "सेवाकार्य कुणाचं? आपलं?" हा शब्द आमच्या मापाचा नाही हे खरंच. आमचं काम धूलकोटला दहा बाय बाराच्या एका भाड्याच्या खोलीत मावतं, आणि उरलेलं बुऱ्हाणपूरला आमच्या घराच्या जिन्याखाली. दोन फाउलर पलंग, म्हणजे हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर करता येते ते. चार व्हीलचेअर, त्यातल्या तीन चालत्या. नऊ वॉकर, कुबड्यांच्या अकरा जोड्या, कमोडच्या पाच खुर्च्या, एक हवेची गादी, दोन पाण्याच्या गाद्या, वाफ घ्यायची दोन यंत्रं, आणि बेडपॅन वगैरे जे भाषणात मोजून सांगत नाहीत ते. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याने न्यावं, गरज संपली की आणून द्यावं. एवढंच. महाराष्ट्रात रुग्णसाहित्य केंद्र म्हणतात तशी केंद्रं गावोगावी आहेत, आणि आमच्यापेक्षा शंभरपट मोठी आहेत.

आम्ही राज्य शासनाचे नोकर. डिप्लोमा सिव्हिलचा, नोकरी जागोजागी फिरण्याची. 2014 साली धूलकोटला बदली झाली तेव्हा घरात पहिला प्रश्न आला, तिथे मुलांची शाळा कशी? दुसरा प्रश्न, तिथे मराठी बोलायला कोण? दुसऱ्याचं उत्तर लवकर मिळालं. धूलकोटच्या बाजारात बारेला, भिल, भिलाला मंडळी. त्यातले कितीतरी जण दरवर्षी रावेरकडे केळीच्या बागांत किंवा महाराष्ट्रात ऊसतोडीला जाऊन येतात. त्यांची मराठी कामाची असते, आमच्या शाळकरी मराठीपेक्षा धारदार. निमाडी, बारेली, मराठी असं मिसळून सगळं भागतं. आपल्या आजोबांच्या काळी या भागाचे सरकारी हुकूम नागपूरहून यायचे, 1 नोव्हेंबर 1956 नंतर भोपाळहून यायला लागले. पण बाजाराने कुठल्या राजधानीची वाट पाहिलेली दिसत नाही.

काम सुरू कसं झालं, असं सगळे विचारतात. काही संकल्प वगैरे केला नव्हता. आमचे वडील अर्धांगवायूने दोन वर्षं अंथरुणावर होते. त्यांच्यासाठी पलंग घेतला, व्हीलचेअर घेतली. 2016 साली ते गेले. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि पलंग राहिला. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना कळेल, त्या पलंगाचं काय करायचं हे घरात कुणी बोलत नाही. विकवत नाही, ठेववत नाही. आमच्या क्वार्टरच्या ओसरीत तो चार महिने उभा होता, वर चादर टाकून. मग एक दिवस आमच्या कार्यालयातला चौकीदार चाचरत म्हणाला, "साहेब, माझा बाप पडलाय, तो पलंग..." संध्याकाळी ट्रॅक्टरमधून पलंग गेला. रात्री आई ओसरीत येऊन बसली, बऱ्याच दिवसांनी.

त्यानंतर वस्तू आपोआप यायला लागल्या. कुणाचं माणूस गेलं, किंवा बरं झालं, की त्या घरातली खुर्ची, वॉकर आमच्याकडे. आम्ही मागितलं नव्हतं. लोकांना ते घरातून हलवायचं असतं, आणि टाकवतही नाही. एका काकूंनी कमोडची खुर्ची दिली तेव्हा तिच्यावर हळदीकुंकू वाहून दिली. आम्ही हसलो नाही.

आता नोकरीची गोष्ट. मध्यप्रदेश सिव्हिल सेवा (आचरण) नियम 1965 चे आहेत. सरकारी माणसाने बिनमोबदल्याचं समाजकार्य करावं, कामात खोट येऊ देऊ नये, इथवर ठीक. पण पूर्वपरवानगीशिवाय त्याने वर्गणी गोळा करू नये. नियम चांगला आहे. धूलकोटसारख्या जागी सरकारी साहेबाने वर्गणी मागितली तर ती वर्गणी राहत नाही, हे आम्हालाही कळतं. तेव्हा आम्ही ठरवलं की आम्ही पैसे मागायचे नाहीत, हातात घ्यायचे नाहीत, पावतीवर सही करायची नाही. मग पावती कुणी फाडायची? घरात दुसरं माणूस एकच होतं.

2019 मध्ये संस्था नोंदवायची ठरली. आपल्याकडे सोसायटी नोंदणीचा कायदा 1973 चा, आणि किमान सात सभासद लागतात. सात माणसं जमवणं हे आमच्या आयुष्यातलं मोठं प्रशासकीय काम ठरलं. सही करायला सगळे तयार असतात, बैठकीला यायला नाही. शेवटी आमची ही सचिव, निवृत्त मास्तर अध्यक्ष, औषधाच्या दुकानाचे मालक कोषाध्यक्ष, एक पॉवरलूमवाले, एक केळीवाले, एक आशा कार्यकर्ती, आणि सातव्या आमच्या हिच्या मावशी, ज्या दर बैठकीला येतात आणि दर बैठकीत विचारतात की ही संस्था नेमकी काय करते. त्यांच्या त्या प्रश्नामुळे दरवर्षी आमचा अहवाल नीट लिहिला जातो.

ज्यांना संस्था काढायची हौस आहे त्यांच्यासाठी सांगतो. काम वर्षभर चालतं, पण संस्था कागदावर जगते. दरवर्षी सभा, सभेचं इतिवृत्त, कार्यकारिणीची यादी, तपासलेले हिशोब, सगळं वेळेत जमा. बँकेत संस्थेचं वेगळं पॅन, दोन सह्या. आयकराच्या 80जी सवलतीची विचारणा केली, तर 2021 पासून त्यातही आधी तात्पुरती नोंद, मग पक्की, मग दरवर्षी देणगीदारांचं विवरण. आमच्याकडे येणारी देणगी पन्नास-शंभराची. देणाऱ्याचं पॅन मागायला गेलं तर तो शंभर रुपये परत घेईल. तो नाद सोडला. कागदाची चूक झाली की दोष कुणाला द्यायचा हे मात्र घरात ठरलेलं आहे. एका वर्षी यादी उशिरा गेली, दंड भरला, आणि तो दंड आमच्या दिवाळीच्या खरेदीतून गेला. त्या वर्षी फराळात चिवडा होता, शंकरपाळे होते, अनारसे नव्हते. मुलांनी कारण विचारलं. त्यांना संस्थेच्या कामकाजाची ओळख तेव्हा झाली.

पैशाचा एक प्रयोग फसला तो सांगायला हवा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या मुलांसाठी घराघरातून मूठ-मूठ धान्य जमायचं, त्याला मुष्टिफंड म्हणत. आमच्या मास्तरांना ती कल्पना फार आवडली. आपल्याच कॉलनीतल्या चौदा घरांत आम्ही डबे ठेवले. रोज स्वयंपाकाला घेताना एक मूठ गहू डब्यात, महिन्याने गोळा करून विकायचे. पहिल्या महिन्यात छान जमले. दुसऱ्या महिन्यात पावसाळा लागला. डबे उघडले तर गव्हापेक्षा सोंडे जास्त. एका घरी ज्वारी, एका घरी गव्हात तूर मिसळलेली, एका डब्यात मुलाचे कंचे. ते सगळं निवडायला आमची ही आणि मुलगी दोन रविवार बसल्या. नंतर पन्नास रुपये महिना असं सरळ ठरवलं. भाऊरावांचं जमलं, कारण त्यांच्याकडे ते धान्य त्याच आठवड्यात मुलांच्या पोटात जात होतं. आमच्याकडे डब्यात पडून राहत होतं. एवढा साधा फरक आमच्या लक्षात आला नव्हता.

वस्तू द्यायला सोप्या, पण त्यांचंही शास्त्र आहे, आणि ते आम्ही चुकत चुकत शिकलो. वॉकर दिला म्हणजे झालं असं नाही. माणूस सरळ उभा राहिला, हात खाली सोडले, की मूठ मनगटाच्या उंचीला यायला हवी. आम्ही पहिली दोन वर्षं जसा आला तसा देत होतो, आणि म्हातारी माणसं त्यावर वाकून चालत होती. व्हीलचेअर धूलकोटच्या पायवाटेवर पुढची छोटी चाकं मातीत रुतवून बसते. ती उलटी, मोठी चाकं आधी, अशी ओढायची असते. हवेची गादी चांगली, आलटून पालटून फुगते, पाठीला जखमा होऊ देत नाही. पण तिचा पंप विजेवर. वीज गेली की काही वेळात माणूस फळीवर. म्हणून धूलकोटला पाण्याची गादी आणि बुऱ्हाणपूरला हवेची, असं आता ठरलंय. थंडीत त्या गादीत कोमट पाणी भरा, असं सांगायचं राहिलं होतं. एका आजोबांनी रात्रभर कुडकुडून सकाळी आम्हाला बोलावणं पाठवलं. आणि गादी कुठलीही असो, दर दोन तासांनी कूस बदलायलाच लागते. आम्ही हे वस्तू देताना पाठ केल्यासारखं म्हणायचो. ते रात्री दोन वाजता करायचं म्हणजे काय, हे तेव्हा आम्ही विसरलो होतो.

परत येणाऱ्या वस्तूंची कहाणी वेगळी. वॉकरवर मिरच्या वाळत घातलेल्या पाहिल्या. एक व्हीलचेअर आम्ही पाण्याचे कॅन वाहताना पाहिली, दोन पुढे, दोन मागे, आणि चालवणारा पोरगा शिट्टी वाजवत. बसणाऱ्या आजी ओट्यावर मजेत बसून त्याला रस्ता सांगत होत्या. आम्हाला राग यावा की नाही ते ठरेना. पुढे 2022 मध्ये आपला बुऱ्हाणपूर जिल्हा देशातला पहिला 'हर घर जल' प्रमाणित जिल्हा ठरला, तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं. आमच्या मनात आलं, चला, व्हीलचेअरची एक ड्युटी कमी झाली.

बुऱ्हाणपूरला आम्ही पाचशे रुपये अनामत घेतो. धूलकोटला घेत नाही. याच्यावरून सात सभासदांत चार बैठका झाल्या. औषधवाले म्हणाले, तिकडे वस्तू बुडतील. बुडाल्या का? कुबड्यांची एक जोडी ऊसतोडीला गेली ती आठ महिन्यांनी आली, खाली नवं रबर लावून. एक वॉकर होळीच्या आधी, भगोऱ्याच्या बाजाराच्या दिवशी, धुऊन पुसून परत आला, सोबत मोहाच्या फुलांची पिशवी. आमचं बुडालेलं सगळं सामान, म्हणजे एक नेब्युलायझर आणि एक कमोडची खुर्ची, अनामत भरलेल्या घरांतलं आहे. पाचशे रुपयांत वस्तू विकत मिळाली असं त्यांना वाटलं असावं. ती घरं कुठली हे सांगत नाही. बुऱ्हाणपूर लहान गाव आहे.

रजिस्टरच्या पहिल्या पानावर आमच्या हिने तिच्या अक्षरात एक नियम लिहून ठेवलाय. दिलेली वस्तू आपण परत मागायची नाही. गरज संपली की ते आणून देतील. हा नियम एका प्रसंगामुळे आला. सुरुवातीला आम्ही एका घरी फोन करून विचारलं होतं, खुर्ची मोकळी झाली का? तिकडून उत्तर आलं, "नाही हो, अजून आहेत ते." विचारणं म्हणजे काय होतं, ते त्या उत्तरानंतर कळलं. त्या दिवसापासून फोन बंद.

आता ज्यासाठी आम्ही हे भाषण कबूल केलं ते सांगतो. कार्यकारिणीला वाटलं असेल आम्ही यशाच्या गोष्टी सांगू.

मुलगी नववीत गेली तेव्हा, 2021 मध्ये, बिऱ्हाड बुऱ्हाणपूरला आणलं. तेव्हापासून आमचं रोज मोटारसायकलने जाणं-येणं. गेल्या वर्षी अधिक श्रावण होता. धोंड्याचा महिना म्हणून बहीण आणि मेहुणे जेवायला येणार होते. अनारशाचं पीठ आईने स्वतः केलं होतं, दुसऱ्या कुणाचं तिला चालत नाही. सकाळी मोरीत पाय घसरला आणि ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आठव्या दिवशी घरी सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याकडून उचलता येणारा पलंग हवा, म्हणजे बसवताना, जेवताना तिला त्रास होणार नाही.

आमच्या घरात, बरं का, आमच्याच घरात त्या दिवशी प्रश्न विचारला गेला, "पलंग कुणाकडे आहे?"

हिला रजिस्टर बघायला लागत नाही. एक पलंग याच शहरात, एका निवृत्त लूम कामगाराच्या बायकोकडे, अर्धांग. दुसरा फेब्रुवारीपासून धूलकोटजवळच्या पाड्यावर. बावीस वर्षांचा मुलगा, विहिरीच्या बांधकामावरून पडला होता, कमरेखाली काही कळत नव्हतं त्याला. भाड्याने मिळतो का पाहिलं, दुकानदाराचाही बाहेर गेलेला. नवा घ्यायचा तर ऑपरेशनने हात रिकामा, सरकारी परतावा मिळेल तेव्हा मिळेल.

आम्ही म्हणालो, पाड्यावर जाऊन बघून येतो. बघून येतो, एवढंच म्हणालो. पण कार्यालयातून निघताना एका पिकअपवाल्याला विचारून ठेवलं होतं, संध्याकाळी मोकळा आहेस का. हे आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतोय. हिला पिकअपचं माहीत नव्हतं. आता झालं.

पाड्यावर गेलो. पलंग झोपडीच्या दारात, उजेडात लावलेला. छताच्या वाशाला दोर बांधून खाली लाकडाची मूठ टांगलेली होती. तो मुलगा ती धरून स्वतःला वर ओढत होता. आईने शिकवलं होतं त्याला. पाठीवर जखम नव्हती. सहा महिने अंथरुणावर आणि पाठ कोरडी स्वच्छ. हे मोठ्या घरांतही आम्ही फार वेळा पाहिलेलं नाही. त्याच्या आईने विचारलं, "साहेब, पलंग पाहिजे का?" तिला कसं कळलं कुणास ठाऊक. बहुतेक आम्ही बोलायच्या आधी पलंगाकडेच बघत होतो. आम्ही म्हणालो, नाही, हँडलला तेल लागतंय का ते बघायला आलो. तेल नव्हतं आमच्याकडे. मोटारसायकलच्या चेनचं थोडं काढून लावलं, पाणी प्यालो, निघालो. पिकअपवाल्याला उगाच थांबवलं म्हणून शंभर रुपये दिले.

घरी हिने काही विचारलं नाही. आम्हीच म्हणालो, पलंग तिकडेच आहे. ती म्हणाली, "नियम मीच लिहिलाय. पण कंबरही माझीच आहे."

आम्ही यावर काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. दिवाणाच्या पायांखाली विटा घातल्या. पाठीला टेकू म्हणून मुलीने लाकडी खुर्ची उलटी करून गादीखाली सरकवली. जुन्या घरांत करायचे तसं. तिला कुणी सांगितलं ठाऊक नाही. दिवसा आम्ही नोकरीवर, मुलं शाळेत. आईला उठवणं, बसवणं, कूस बदलणं, सगळं हिच्यावर. रात्रीच्या दोनच्या वेळेला आम्ही उठायचो, पण उठायचो म्हणजे हिने हाक मारल्यावर. सात आठवडे असं चाललं. चौथ्या आठवड्यात हिची कंबर धरली. मावशी येऊन राहिल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या संस्थेत पलंग नाहीत का?"

त्या दिवसांत मंडळाच्या वाचनालयातून आईने एक पुस्तक मागवलं, आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण'. बाया कर्वे, महर्षी अण्णांच्या पत्नी. दुपारी हिने वाचून दाखवायचं, आईने ऐकायचं. अण्णांचं आपल्याला सगळं पाठ असतं. 1896 साली अनाथ बालिकाश्रम मंडळी, पुढे 1900 मध्ये हिंगण्याची झोपडी, तिथून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला रोज पायी. त्यांनी जे जमवलं ते आश्रमाला दिलं, आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे केली. आपण व्याख्यानात हे ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. त्या पुस्तकात तोच संसार घराच्या बाजूने दिसतो. मुलं आजारी, हातात पैसा नाही, आणि नवरा आश्रमासाठी जमवाजमव करत फिरतोय. बाया काही हातावर हात ठेवून बसणाऱ्या नव्हत्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या, स्वतः पुनर्विवाह केलेल्या, अण्णांच्या कामासाठी स्वतःही पैसा उभा करणाऱ्या. त्यांना काम नको होतं असं नाही. पण घरच्या घासाचा हिशोब कुणीतरी मांडायला हवा होता, आणि तो त्यांनी मांडला, न लाजता. आई ऐकताना मध्येच हसायची. म्हणायची, "बरोबर बोलतेय ही. पुढे वाच."

आणि भाऊरावांच्या लक्ष्मीबाई. साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या मुलांना जेवू घालण्यासाठी त्यांचे दागिने गेले, मंगळसूत्रही गेलं. 1930 साली त्या वारल्या, संस्थेचा मोठा विस्तार पाहायला राहिल्या नाहीत. बायांनी निदान लिहून ठेवलं. लक्ष्मीबाईंचं आपण दुसऱ्यांच्या तोंडून ऐकतो, आणि ऐकताना त्या कधी 'नाही' म्हणाल्या का, हे विचारत नाही. आमच्या हिने ते विचारलं. आम्हाला उत्तर माहीत नव्हतं. मग तिने विचारलं, "मी 'नाही' म्हटलं असतं तर तुम्ही पलंग आणला असता?"

खरं सांगायचं तर आणला असता. ती 'नाही' म्हणाली नाही, आणि आम्ही तिला विचारलंही नाही. सरळ पिकअपवाल्याला विचारलं. दोन्हीकडून चुकलो. नियम मोडायला निघालो तेही तिला न सांगता, आणि नियम पाळून आलो तेही तिच्या कमरेवर. भाषणात आम्ही 'आम्ही' म्हणतोय खरं, पण या 'आम्ही'त रजिस्टर लिहिणारी, पावत्या फाडणारी, दार उघडणारी, रात्री फोन उचलणारी कोण, हे या सभागृहातल्या बायकांना सांगायला नको.

त्यानंतर घरात काही गोष्टी बदलल्या. मोठ्या नाहीत. रात्री दहानंतर संस्थेचा फोन आमच्याकडे असतो. रविवारी केंद्र बंद. कुणी दारात आलं तर देतो, पण आपण होऊन उघडत नाही. संस्थेच्या खात्यात आमच्या पगारातून किती जायचं हा आकडा आता वर्षाच्या सुरुवातीला जेवणाच्या टेबलावर ठरतो, आणि त्यात मुलीलाही मत आहे. तिने यंदा आकडा कमी केला. तिला बारावीनंतर इंदूरला शिकायचंय, होस्टेल लागेल. आम्ही जरा घासाघीस केली, पण ती तिच्या आईसारखी आहे, हिशोब कागदावर घेऊन बसते. कमीच ठरला. त्यामुळे यंदा तिसरा पलंग घ्यायचं लांबलं. ते लांबायलाच हवं होतं का, हे आमचं आम्हालाही अजून नक्की सांगता येत नाही.

आई आता वॉकरवर चालते. नंबर सात. घरातल्या घरात, मोरीपर्यंत आणि देवापर्यंत. उंची बरोबर लावली आहे तरी रोज कमी-जास्त करायला सांगते. तो वॉकर घेतला तेव्हा आमच्या हिने रजिस्टर उघडलं, आईचं नाव लिहिलं, पत्ता आमचाच, आणि हात पुढे केला. पाचशे रुपये अनामत. आम्ही म्हणालो, अगं, घरचंच आहे. तर म्हणाली, बुऱ्हाणपूरला अनामत आहे, धूलकोटला नाही. पावती फाडून दिली. ती पावती आईने देव्हाऱ्यात ठेवलीय, का ते तिलाच माहीत.

लूम कामगाराच्या घरचा पलंग गेल्या पौषात परत आला. त्या बाई गेल्या. महिन्याच्या आत तो दुसऱ्या घरी गेला. पाड्यावरचा अजून तिथेच आहे. तो मुलगा आता व्हीलचेअरवर बसतो, दारातल्या दारात. बाजाराच्या दिवशी त्याची आई त्याच्यासमोर विड्या, माचिस, साबण मांडून देते. रात्री झोपायला पलंगच लागतो. म्हणजे तो येणार नाही, इतक्यात तरी.

आता शेवटचं. परवा याच मंडळातल्या एका घरातून फोन आला होता, पलंग आहे का. आम्हाला 'नाही' म्हणावं लागलं. ते इथे बसले असतील, त्यांनी राग मानू नये. आपल्यातली बरीच घरं जुनी आहेत, तीन-तीन पिढ्या इथे. माळ्यावर, जिन्याखाली, गच्चीच्या खोलीत काय काय आहे हे घरच्यांनाही आठवत नसेल. आम्ही काही मागत नाही. आम्हाला मागायची परवानगी नाही, हे सुरुवातीलाच सांगितलं. पण आमची ही तिसऱ्या रांगेत, कडेला, हिरव्या साडीत बसली आहे. रजिस्टर तिच्या पिशवीत आहे. प्रसादाची रांग तिच्यासमोरूनच जाते, ते आम्ही ठरवलेलं नाही, कार्यकारिणीने ठरवलंय.

गणपती बाप्पा मोरया.